तीन चिठ्ठ्यांची टेकडी

नकाशे छापणाऱ्या त्या कचेरीत त्यांना सगळे ‘बारीक अक्षर’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण माणसाला कान असतात. इंग्रजी नकाशातल्या उंचवट्यांना शब्द लावायचे, हे त्यांचं काम: कुठे माउंटन, कुठे हिल, कुठे नुसता रिज. ज्या उंचवट्याला नाव आहे त्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, ज्याला नाव नाही त्याची सगळीच बारीक. आणि बारीक करायची वेळच जास्त येई. चौतीस वर्षं तांबडी पेन्सिल चालवूनही मोठं अक्षर खोडताना ते दोनदा थांबत. आपलंच चुकत असेल, ही शंका त्यांच्या पाचवीला पुजलेली.

नवी आवृत्ती निघणार हे कळलं आणि वहिनी कचेरीत आल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती.

“भाऊजी, एक मागायला आलेय. नाही म्हणू नका.”

“आधी बसा तर.”

“ह्यांची टेकडी. तिला ह्यांचं नाव द्या.”

दादा, त्यांचे थोरले भाऊ, मोजणीदार होते. अकरा वर्षांपूर्वी त्या टेकडीची उंची मोजायला दुर्बीण उभी केली, नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे सरले, आणि मागे जमीन नव्हती.

“वहिनी, माझ्या हातात फक्त अक्षर आहे हो. नाव तिथल्या माणसांच्या तोंडी असावं लागतं.”

“असणारच. दोन वर्षं तंबू ठोकून राहिले ते तिथे. त्या मेंढपाळाबद्दल तर प्रत्येक पत्रात लिहायचे. रोज दूध आणून द्यायचा म्हणे. तो विसरेल?” मग जरा हसून म्हणाल्या, “आणि जमलं तर माउंटच लावा.”

“दोनशे मीटरला माउंट? दादांनीच माझा कान पिळला असता.”

“पिळलाच असता,” वहिनी म्हणाल्या, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

कचेरीची रीत जुनी होती. टेकडीच्या पायथ्याच्या तीन घरांत शिपाई चिठ्ठ्या घेऊन जाई. प्रश्न एकच: या टेकडीला तुम्ही काय म्हणता? एकाने दुसऱ्याला विचारायचं नाही. तिन्ही उत्तरं जुळली तर ते नाव, आणि त्याला मोठं अक्षर. दादांचं नाव कुणाला सुचवायचं नाही, हे त्यांनी शिपायाला स्वतःच बजावलं. रात्री मात्र त्यांना झोप लागली नाही. सुचवलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं?

आठवड्याने बंद पाकिटं आली. त्यांनी मेजाशी बसून एकेक फोडलं.

पहिलं पोस्टमनचं: ‘पडल्या माणसाची टेकडी.’

दुसरं मेंढपाळाचं. तो बोलला तसं शिपायाने उतरवलं होतं: ‘पडल्या माणसाची टेकडी.’

तिसरं शाळेतल्या बाईंचं. सुंदर अक्षर. ‘पडल्या माणसाची टेकडी. कोण पडला होता ते ठाऊक नाही, पण मुलांना आम्ही तिकडे जाऊ देत नाही.’

तिन्ही जुळली होती. इतक्या वर्षांत अशी चोख जुळलेली उत्तरं त्यांनी फार थोड्या वेळा पाहिली होती. नियमाने आता इंग्रजीत ‘फॉलन मॅन्स हिल’ छापायचं, तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं मोठी. दादांचं सगळं आयुष्य, ती दोन वर्षांची मोजणी, ते दूध, आणि उरलं काय, तर एक चुकलेलं पाऊल. आणि ते वहिनींनी प्रत्येक नकाशात वाचायचं.

त्यांनी चिठ्ठ्या खिशात घातल्या. नोंदवहीत ‘उत्तरे जुळत नाहीत’ असं लिहिलं. या वेळी दोनदा थांबले नाहीत. नकाशावर बारीक अक्षरांतली ‘हिल’ तशीच राहिली.

वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या. “काय झालं?”

“नाव मिळालं नाही, वहिनी.”

“कुणीच नाही सांगितलं?”

“कुणीच नाही.”

“त्या मेंढपाळाने तरी?”

हा प्रश्न येणार हे त्यांना कळायला हवं होतं. “त्याची चिठ्ठी... कोरी आली.”

खरं सांगावं, असं त्यांना वाटलं. माणसं विसरलेली नाहीत, एवढं तरी सांगावं. पण तेवढंच सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार. खिशातला हात खिशातच राहिला.

“कोरी,” वहिनी म्हणाल्या. मग पिशवी उचलत स्वतःच समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, “मेंढपाळच तो. लिहिता येत नसेल बिचाऱ्याला.”

“हो,” ते म्हणाले. “तसंच असेल.”

आणि जिन्यावर त्यांना आधार द्यायला ते पुढे झाले.