तोफ थंडावली

सासूबाई गोड बोलायला लागल्या, तेव्हाच खरं तर सूनबाईंनी घाबरायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी कानांना विश्रांती मिळाली की माणूस कारण विचारत बसत नाही.

घरात सगळे सासूबाईंना माघारी 'तोफ' म्हणत. चहा पाणचट, चादर चुरगळलेली, सून आळशी, मुलगा बायकोच्या ताटाखालचं मांजर. सकाळी डोळा उघडला की भडिमार सुरू. आणि या प्रवासात? गाडीतल्या मागच्या पलंगावर दुलई ओढून नुसत्या पडून असायच्या. गाल तर असे गुलाबी झाले होते की पाहत राहावं. एका सकाळी सुनेचा हात धरून त्या म्हणाल्या, "दमतेस गं माझ्यापायी." सूनबाईंना भरूनच आलं. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं डोकंही ठणकत होतं.

"हवापालट मानवला आईला," नवरा म्हणाला. "आणि तू म्हणत होतीस, गाडी घेऊ नका."

म्हणत होत्याच. निवृत्त झाल्यापासून त्याने फिरत्या घराचं खूळ डोक्यात घेतलं होतं. आत पलंग, ओटा, हीटर, सगळं असलेली गाडी. बरं, घ्यायची तर आपल्या गावात घ्यावी! पण लांबच्या शहरात स्वस्त मिळते म्हटल्यावर स्वारी तिकडे धावली. गाडी आली आणि आपली दुखणीही घेऊन आली. पुढच्या पलंगावर हे दोघे झोपत, तिथली छताची झडप बंदच होईना. रात्रभर गार वारा डोक्यात शिरे. मागे सासूबाईंच्या पलंगाखाली गॅसचा हीटर होता, तो अधूनमधून फटफट आवाज करी. बाहेरून त्याच्या धुराड्याच्या वर, गाडीच्या पांढऱ्या अंगावर, काळा डाग धरला होता.

"वॉरंटी आहे ना," नवरा म्हणे. चांगल्या नोकरीला लागलेल्या मुलाचं नाव घ्यावं, तसा तो हा शब्द उच्चारी.

वाटेत त्याच कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागलं, तेव्हा त्याने ऐटीत गाडी आत घातली. मेकॅनिकने वाकून हीटरच्या झाकणावरचं लाल सील पाहिलं आणि हात मागे घेतला.

"उघडून बघतो हवं तर. पण गाडी आमच्याकडची नाही. कंपनीच्या मंजुरीआधी हे सील तुटलं, तर वॉरंटी गेली."

"मग हात लावू नका!" नवरा चक्क हीटरच्या आडवा आला.

काउंटरवरच्या बाईने हसून सांगितलं, की जिथे गाडी घेतली ते म्हणतात इथे दुरुस्त करा, आणि इथले साहेब म्हणतात जिथे घेतली तिथे न्या. "चालतोय ना पण हीटर?"

"चालतोय. ऊब छान देतो."

"मग चालू द्या की."

तेव्हापासून ते मंजुरीची वाट बघत सेंटरच्या आवारातच मुक्काम ठोकून होते. बाकीच्या गाड्या येत, दुरुस्त होत, निघून जात. यांची आपली भिंतीकडेला, लेक माहेरी येऊन बसावी तशी. पाऊस लागला. छताच्या झडपेतून पाणी अंथरुणावर ठिबकायला लागलं, तेव्हा आज सकाळी नवऱ्याने ती चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून टाकली. "चिकटपट्टी काय, केव्हाही निघते," तो म्हणाला. "वॉरंटीला धक्का नाही."

थोड्या वेळाने सासूबाईंना उठवताना सूनबाईंचे हात भरून आले. सासूबाई डोळे मिटूनच हसत होत्या. उठल्या तर पाय लटपटले. सूनबाईंनी त्यांना धरून काउंटरसमोरच्या खोलीत आणलं, दाराजवळच्या खुर्चीत बसवलं, तास-दोन तासांनी चहा दिला. अर्धा कप झाला असेल नसेल.

"हा चहा म्हणायचा? आणि ती बाई केस मोकळे सोडून बसते कशी कामाला? तू तरी काय दात काढतेस? मला इथे वाऱ्यात बसवलंस, मारायचंय का?"

तोफ धडाडली! खोलीतले लोक बघायला लागले. सूनबाई शरमल्या, पण आतून त्यांना बरं वाटलं. दुपारी नवरा छत्री घेऊन आला आणि आईची बडबड ऐकून वैतागला. "चल आई, जरा आडवी हो. हीटर लावून ठेवलाय." बायकोला म्हणाला, "तू हलू नकोस इथून, मंजुरी केव्हाही येईल." आईला झोपवून तो साहेबांशी वाद घालायला वरच्या मजल्यावर गेला.

सूनबाई बसून राहिल्या. डोकं एकदम हलकं झालं होतं. गाडीत ठणकतं आणि इथे नाही, हे कसं? मग सासूबाईंचं आठवलं. मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या मित्राकडे दिवसभर बसलो, तेव्हाही अशाच कडाडल्या होत्या. गाडीत परतल्या, झोपल्या, की गोड. बाहेर तोफ, आत गोड.

त्यांनी काचेतून गाडीकडे पाहिलं. धुराड्यावरचा काळा डाग पावसात ओघळून चाकापर्यंत आला होता. त्यांच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. कोळशाची शेगडी पेटवली की ते आधी दार उघडत आणि पोरांना दरडावून सांगत, बंद खोलीत शेगडी म्हणजे गुंगी चढते, गाल लाल होतात आणि झोपेतच कारभार आटोपतो. आज तर नवऱ्याने झडपही बंद केली होती.

सूनबाई धावत सुटल्या. चिखलात एक चप्पल राहिली, ती राहू दिली.

दार उघडताच गरम, जड हवा अंगावर आली. हीटर फटफटत होता. त्यांनी बटण बंद केलं, ओरडून ओरडून मेकॅनिकला हाक मारली, आणि सासूबाईंच्या काखेत हात घालून त्यांना ओढलं. अंग सैल पडलं होतं. मेकॅनिक आला, दोघांनी मिळून त्यांना बाहेर पावसात आणलं. काउंटरवरची बाई फोनवर दवाखान्याचा नंबर फिरवत होती. नवरा जिन्यावरून धावत आला. आईला पाहून तो चिखलात मटकन बसला आणि "वॉरंटी..." एवढंच पुटपुटला.

"आई! डोळे उघडा. आई!"

सासूबाईंनी डोळे किलकिले केले. ओल्या चेहऱ्यावर गाल नव्या नवरीसारखे गुलाबी होते. त्या सुनेकडे पाहून हसल्या.

"गुणाची गं माझी पोर," त्या हळूच म्हणाल्या.

हे ऐकायला सूनबाईंनी सगळा जन्म घालवला होता. त्यांनी सासूबाईंचे खांदे धरून गदागदा हलवले.

"असं नका ना बोलू," त्या रडत ओरडल्या. "मला शिव्या द्या, आई. शिव्या द्या मला!"

सासूबाई तशाच हसत राहिल्या.