वारा काढणारे नाणे

मित्रांनो, मी शंभर रुपियाचे एक जुने, जाडजूड नाणे आहे. टांकसाळीतून निघाले तेव्हा आरशासारखे चकाकत होते. बाजारातली माझी सद्दी कधीच संपली. पण क्लातेन गावच्या वागियेमबाईंनी मला सोडले नाही. अंगात वारा शिरून कणकण आली की पाठीला तेल लावून खरवडायला माझ्या गुळगुळीत कडेसारखे दुसरे काही नाही, असे सारी आळी म्हणे. पाठीवर लाल पट्टे उठले, की वारा बाहेर पडला! या कौतुकाने मीही फुगत असे.

पण त्यांच्या लेकीचे, लारासचे, लग्न आठवड्यावर आले आणि माझा जीव टांगणीला लागला. उघड्या खांद्यांनी बोहल्यावर बसायची ती, आणि पाठीवर पट्ट्यांच्या जागी बारीक पाणीदार फोड!

"इबू, आग होतेय गं! बास कर," ती आईला म्हणाली.

"गप बस, न्दुक, माझ्या पोरी. बघ किती लाल झालंय. केवढा वारा कोंडून ठेवला होतास! कर आणखी जागरणं."

अहो, तो वारा नव्हता! माझ्यात तांब्याबरोबर निकेल आहे. बहुतेकांना ते बाधत नाही. लारासच्या कातडीला मात्र सोसत नाही. पण हे ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पट्ट्यांचे नवल वाटले नाही. त्यांची स्वतःची पाठही घरी अशीच खरवडली जात असणार. त्यांनी विचारले, "नकली दागिने, पट्ट्याचं बक्कल, असं धातूचं काही अंगाला लागतं का?"

"छे हो! अस्सल सोन्याशिवाय काही घालत नाही माझी लेक," वागियेमबाई ठसक्यात म्हणाल्या. मी तेव्हा त्यांच्याच बटव्यात होते! घरी येऊन त्यांनी मलम चोपडले आणि त्यावरून मलाच फिरवले. मलम आत मुरायला हवे ना!

लग्नात लारासची पाठ शालीने झाकावी लागली. सासरी गेल्यावर ती आपोआप निवळली.

"बघ, मी सगळा वारा काढला म्हणून!" भेटायला गेलेल्या वागियेमबाई म्हणाल्या आणि थकलेल्या लेकीसाठी त्यांनी मला बाहेर काढले. लारास झटकन मागे सरली.

"ते नको, इबू. इथे आल्यापासून एक फोड नाही. लहानपणी कांद्याने खरवडायचीस, तसं कर."

"कांद्याने? तान्ही आहेस का?"

"तान्हीच समज."

बाईंनी धुसफुसत कांदा चिरला. जन्मात पहिल्यांदाच मला बाजूला सारले गेले आणि बरे वाटले.

मित्रांनो, अंगाला खाज सुटली तर डॉक्टरांना अंगाला लागणारी प्रत्येक वस्तू सांगा. मायेने फिरवलेलीसुद्धा. कारण इतके होऊनही वागियेमबाईंनी मला पुसून जवळच ठेवले आहे. शेजारणीच्या सुनेला कालपासून कणकण आहे म्हणे.