सहा नंबरची टकटक

आज सहा नंबरच्या कप्प्यात कुणाला तरी बसवावंच लागणार, हे ग्लेनिस हार्टलीला सकाळी नऊ वाजताच कळून चुकलं. शिक्षेच्या खोलीत कप्पे बारा, त्यातले अकरा भरलेले. आणि उपमुख्याध्यापक पार्जेटर सर माध्यमिकच्या पहिल्या वर्षातल्या एका चिमुरडीला घेऊन दारात उभे.

"सहाची खुर्ची मोडकी आहे, सर," ग्लेनिस म्हणाली.

"गेलं वर्षभर मोडकीच?" सरांनी खुर्ची ओढून गदागदा हलवली. "ठणठणीत आहे की! बस गं तिथे. तोंड भिंतीकडे."

मुलीचं नाव कॉनी बर्टविसल. गुन्हा असा की वर्गात बाई बोलत असताना तिने डोळे फिरवले. सर जाता जाता थांबले. "साडेतीनची मीटिंग लक्षात आहे ना? टेगन मूरहाउसचे कागद काढून ठेवा. तुमचे कागद म्हणजे आपला हुकमाचा एक्का."

ग्लेनिसने कपाट उघडून कागद बाहेर काढले.

दारावर पाटी 'चिंतन कक्ष' अशी होती. गोड नावं द्यायची त्या शाळेला भारी हौस. आतला प्रकार साधा होता: भिंतीला लागून टेबलांची रांग, दोन टेबलांच्या मध्ये डोक्याच्या वर जाणारी पांढरी फळी. वळायचं नाही, बोलायचं नाही, जेवण डब्यातून तिथेच. तास चालू असताना स्वच्छतागृहांना कुलूप, आणि त्याची किल्ली ग्लेनिसच्या गळ्यात. या कामाआधी सोळा वर्षं तिने शाळेच्या जेवणघरात पुडिंगवर कस्टर्ड वाढलं होतं. मुलांना ती आवडायची, म्हणून इथे नेमली.

फळीमागून वर केलेला हात दिसत नाही. म्हणून तिने स्वतःची एक पद्धत काढली होती. फळीवर बोटाने एकदा ठोकलं की स्वच्छतागृह, दोनदा ठोकलं की पेन किंवा कागद, तीनदा ठोकलं की बरं वाटत नाही. या पद्धतीचा तिला अभिमान होता. पोरांवर ओरडावं लागत नाही, असं ती शेजारणींना सांगायची.

टेगन गेल्या वर्षी आली. चौदा वर्षांची, आजीपाशी वाढलेली. तिचे चामड्याचे बूट फाटले आणि ती काळे खेळाचे बूट घालून यायला लागली. नियम म्हणजे नियम. तेवीस दिवस ती सहा नंबरमध्ये बसली. रोज संध्याकाळी ग्लेनिस कागदावर लिहायची, 'शांत बसली.' शांत मूल म्हणजे सुधारणारं मूल, असं त्या शाळेत सगळेच मानत, आणि ग्लेनिसही मानायची.

तेविसाव्या दिवशी, घंटेला वीस मिनिटं असताना, टेगनने एकदा ठोकलं.

त्याच आठवड्यात सरांनी ग्लेनिसला फैलावर घेतलं होतं. "किल्ली काय सारखी फिरवता? आपण हॉटेल चालवत नाही." तिला वाटलं, एकीला सोडलं की अकराजण ठोकतील. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने पुन्हा टकटक झाली, आधीपेक्षा हळू. ग्लेनिसने मान खाली घालून हजेरीपट चाळला. मग काहीच आवाज आला नाही. घंटा झाल्यावर टेगनने जर्सी काढली, बाह्यांची गाठ मारून कमरेला बांधली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. खुर्ची ओली होती. ग्लेनिसने ती जंतुनाशकाने पुसली, खिडकी उघडली, आणि कागदावर लिहिलं, 'शांत बसली.'

टेगन पुन्हा आली नाही. पंधरा दिवसांनी तिच्या आजीने शाळेने दिलेल्या एका कागदावर सही केली की मुलीला आम्ही घरीच शिकवू. पटावरून नाव गेलं.

आणि सहा नंबरमधून टकटक यायला लागली. दिवसाढवळ्या, कप्पा रिकामा असताना, एकदाच. ग्लेनिसचा हात किल्लीकडे जायचा. तिने डॉक्टरकडून कान धुऊन घेतले. गरम पाण्याच्या पाइपांना दोष दिला. खुर्ची मोडकी म्हणून सांगितलं.

आज अकराच्या सुमाराला टकटक झाली, तेव्हा तिला उलट हायसं वाटलं. आज आत खरंच कुणीतरी होतं. ती लगबगीने गेली. "चल गं पोरी, जायचंय ना?"

कॉनीने वळून पाहिलं. "मी नाही ठोकलं, मिस."

"अगं, लाजतेस काय?"

"शप्पथ नाही! पण मी ऐकलं. या फळीतूनच आलं." तिने फळीवरून हात फिरवला. "इथे आधी कोण बसायचं, मिस?"

ग्लेनिसने गरम पाण्याच्या पाइपांकडे बोट दाखवलं. "पाइप असतात गं जुने."

"पाइप एकदाच वाजतो?"

ग्लेनिसने कॉनीला उठवून स्वतःच्या टेबलाशी बसवलं. नियमाबाहेरचं होतं, पण त्या मुलीला तिथे ठेवायची तिची छाती झाली नाही.

साडेतीनला ग्रंथालयात चौघं तिची वाट पाहत होती: पार्जेटर सर, शाळेच्या मंडळातल्या मिसेस व्हॉली, टेगनची आजी आणि टेगन. मे महिन्याचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, तरी टेगनच्या कमरेला जर्सी बांधलेली होती. वर्षभरात पोर उंच झाली होती. तिने मान वर केली नाही.

आजीला नात परत शाळेत हवी होती. शाळेत काही घडल्यामुळे मुलगी गेली असेल तरच जागा देता येईल, असं मिसेस व्हॉलींनी समजावून सांगितलं.

"काहीही घडलेलं नाही," सर कागद उलटत म्हणाले. "तेवीस दिवस आणि तेवीस वेळा 'शांत बसली.' आजींनी स्वखुशीने नाव काढलंय."

"स्वखुशीने?" आजी उसळली. "पोर महिनाभर पांघरुणातून बाहेर आली नाही! सही करा, नाहीतर कायमचं काढून टाकू, हे कोण म्हणालं मग? ती ठोकत होती, एकदा नाही, दोन वेळा. आणि एवढं होऊनही ती या बाईंना बोल लावत नाही हो. म्हणते, मिसना ऐकूच गेलं नसेल, नाहीतर त्या आल्या असत्या."

सर ग्लेनिसकडे वळले. "तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं ना?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. नोकरी राहिली असती. त्या पोरीच्या मनातली चांगली मिसही राहिली असती. ग्लेनिसने तोंड उघडलं, आणि टकटक झाली.

सगळ्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. बोट तिचंच होतं, टेबलावर टेकलेलं. टेगनने मान वर केली.

"ऐकलं होतं," ग्लेनिस तिला म्हणाली. "दोन्ही वेळा ऐकलं, पोरी. किल्ली माझ्या गळ्यातच होती. खुर्ची मी पुसली, आणि तो कागद मीच लिहिला."

आजीने तोंडावर हात ठेवला. सर म्हणाले, "ग्लेनिस, आपण जरा बाहेर बोलू या." मिसेस व्हॉलींनी त्यांना हाताने थांबवलं आणि लिहायला घेतलं.

टेगन तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही. जर्सीच्या बाह्यांची गाठ तिने आणखी आवळली.

"मग आला का नाहीत, मिस?"

ग्लेनिसने वर्षभर त्याची उत्तरं तयार केली होती. नियम होता, घंटा व्हायचीच होती, सर रागावले होते, बाकीचे अकरा होते. त्यातलं एकही त्या पोरीच्या तोंडावर सांगण्याजोगं नव्हतं.