डावीकडचा पाटा

आत्याचं आणि लोहाराचं भांडण झालं तेव्हा दोघंही गाडीखाली उताणे पडले होते, त्यामुळे कुणालाच तरातरा निघून जाता येईना. कारण काय, तर मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकांचे बोल्ट आत्ताच आवळायचे की गाडी चाकांवर उतरवल्यावर. लोहार म्हणाला, आत्ताच. आत्या म्हणाली, गाडीचं वजन पडायच्या आधी आवळले तर आतलं रबर पिळून मरतं. त्यावर लोहारानं लोखंडाचं मला शिकवू नकोस म्हणून सुनावलं, आणि आत्यानं तुझी अक्कल विळ्या-कुऱ्हाडींपुरतीच म्हणून परत सुनावलं. झालं. तिथून पुढे दोघं एकमेकांशी बोलेनात. काही सांगायचं झालं तर गाडीला सांगायचे. "हिला म्हणावं, पाना इकडे सरकव," असं लोहार गाडीच्या पोटाकडे बघून म्हणायचा, आणि "त्याला म्हणावं, तुझ्या उशाशीच पडलाय," असं आत्या डिझेलच्या टाकीला सांगायची.

आत्या म्हणजे सगळ्या गावाचीच आत्या. साठी ओलांडलेली, आवाज असा की ओढ्यापलीकडचं कुत्रंसुद्धा दचकावं. वरच्या वाडीचं दूध खाली डेअरीत आणायचं काम वीस वर्षं तिच्याकडे होतं. वाडीची वाट म्हणजे वाट कसली, नुसते धोंडे आणि त्यांच्यात अडकलेला चिखल. म्हणून तिनं आपली जुनी गाडी मुद्दाम उंच करून घेतली होती, वर मोठी चाकं घातली होती. आत चढायचं तर आधी पायरीवर पाय आणि मग देवाचं नाव. गावानं गाडीला मचाण म्हणायला सुरुवात केली, आणि आत्यानंही ते नाव मानून घेतलं.

तर मचाणाचे मागचे पाटे बसले होते. एकावर एक लोखंडी पट्ट्या, त्यांना धनुष्यासारखा बाक असायला हवा. इथे त्या सपाट होऊन उलट्या वाकायला लागलेल्या, आणि डावीकडच्या सगळ्यात मोठ्या पट्टीला तर तडाच गेलेला. गाडी मागून डावीकडे कलायची, कॅन सरकायचे, झाकणं उडायची. महिन्यात दोनदा दूध सांडलं. डेअरीच्या साहेबानं सांगून टाकलं, शनिवारी मी स्वतः गाडीत बसून वाडीवरून येतो. एक कॅन जरी लवंडला तरी सोमवारपासून काम भाच्याकडे.

हा भाचा आत्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा, भिंतीला भिंत लागून राहणारा. त्याच्याकडे नवीकोरी पिकअप होती, पण बुटकी. वाडीच्या पहिल्याच धोंड्यावर तिचं पोट टेकलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्यानं साहेबाच्या कानात भरवलं होतं की वाडीवाल्यांनी कॅन डोक्यावर घेऊन खालच्या वळणापर्यंत यावं, तिथून मी उचलतो. म्हणजे कोसभर उतार, भरल्या कॅनसकट. वाडीतल्या बायका आत्याला म्हणाल्या, आमच्या माना मोडतील गं. आत्याच्या जिवाला ते लागलं. पण खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागली. गाडी गेली की तिला घरात बसावं लागणार होतं, आणि घरात बसायला ती कधी शिकलीच नव्हती.

म्हणून तिनं नवे पाटे आणले आणि शुक्रवारी उजाडताच अंगणात गाडी ओंडक्यांवर चढली. गंजलेल्या बोल्टांना दोन दिवस डिझेल पाजलं होतं, तरी दोन काही केल्या हलेनात. ते लोहारानं गॅसनं लाल करून तोडले. इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग ते भांडण झालं आणि गाडीची वाटणी झाली. डावा पाटा आत्यानं बसवायचा, उजवा लोहारानं, आणि कुणी कुणाच्या बाजूला डोकावायचं नाही. त्यातून लागली चढाओढ. आत्यानं जॅकवर पाटा ठेवला, खांद्यानं रेटला, गुडघ्यानं ढकलला, आणि लोहाराच्या आधी शेवटचा नट फिरवला. लोहारानं आपलं काम संपवून उजवं चाक लावलं, होऊ दे हिच्याच मनासारखं, बोल्ट संध्याकाळी आवळायला येतो म्हणून गाडीला सांगितलं आणि तो निघून गेला.

आत्यानं डावं चाक चढवलं, गाडी खाली घेतली आणि अंगणात चार हात पुढे नेली. खाली उतरून बघते तर मातीत मागच्या चाकांचे ठसे पुढच्या ठशांवर पडेनात. गाडीचं तोंड फाटकाकडे आणि चाल गोठ्याकडे. तिनं उजव्या चाकामागे, टायर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत हात घातला, चार बोटं सहज गेली. डावीकडे एक बोट जेमतेम. मग ती जुन्या पाट्याजवळ गेली आणि सुतळीनं माप घेतलं. पाट्याची खीळ, जी चाकांच्या आसावरच्या भोकात बसते, ती बरोबर मध्ये नसतेच. एक बाजू आखूड, एक लांब, आणि आखूड बाजू पुढे पाहिजे. लोहाराचा पाटा बरोबर होता. तिनं आपला उलटा बसवला होता.

आत्या पायरीवर बसली. मघाशी तो पाटा चढला होता तो लोहारावरच्या रागानं. आता राग ओसरला होता आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. लोहाराला बोलवावं तर तो मरेपर्यंत ऐकवणार. न बोलवावं तर उद्या साहेबासमोर शोभा. तिला रडूच यायला लागलं होतं, तेवढ्यात भिंतीवरून भाच्याचं डोकं वर आलं.

"झालं का आत्या काम?" असं त्यानं इतक्या मायेनं विचारलं की आत्याच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं.

"झालं रे बाबा. ये, तुला दाखवते," ती म्हणाली. भाचा उडी मारून आला. तिनं त्याला डाव्या बाजूला बसवलं आणि बोट दाखवलं. "ही बघ लांब बाजू. ही पुढेच पाहिजे. चुकून मागे गेली ना, तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालेल आणि पहिल्याच वळणावर सगळे कॅन आडवे. देवाची कृपा, नीट बसलाय."

भाच्यानं मान डोलावली. त्याच्या गाडीचं बॉनेटसुद्धा आजवर सर्व्हिसिंगवाल्यानंच उघडलेलं, त्याला काय कळणार. गाडी पुन्हा ओंडक्यांवर का घेतेस, एवढं मात्र त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, संध्याकाळी लोहार आवळायला येणार आहे, त्याला सोपं जावं म्हणून. चाक काढून तिनं बाजूला ठेवलं, पाने ओळीनं मांडले, नटांना तेल लावलं, शेजारी पाण्याची कळशीही ठेवली. मग मोठी जांभई दिली आणि आता दोन तास कानाशी ढोल वाजवला तरी मी उठायची नाही, असं सांगून घरात गेली.

खिडकीखालच्या खाटेवर ती डोळे मिटून पडली. पाऊण घटका गेली नसेल, भिंतीवरून दोन उड्या ऐकू आल्या. भाच्यानं मेहुण्याला आणलं होतं. अंगानं रेडा, आणि सांगितलेल्या कामाला का म्हणून न विचारणारा. पाना वाजायला लागला. आत्या नट मोजत होती. एक सुटला, दोन सुटले. मग भाच्याच्या पायावर काहीतरी पडलं आणि त्यानं तोंडातल्या तोंडात मेहुण्याचं सगळं घराणं उद्धरलं. उन्हात दोघं धापा टाकत होते. एकदा बराच वेळ खीळ भोकात बसेना, मेहुणा म्हणाला राहू द्या दाजी. जॅक जरासा वर घे रे मेल्या, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं चादरीचा बोळा तोंडात कोंबला. शेवटी मेहुण्यालाच सुचलं. खट्ट आवाज झाला आणि आत्यानं श्वास सोडला.

ते गेल्यावर ती बाहेर आली. आखूड बाजू पुढे, लांब बाजू मागे, काम झकास. दोन नट ढिले होते तेवढे तिनं पाइप लावून आवळले. टोकांचे बोल्ट गाडी खाली घेतल्यावर संध्याकाळी लोहारानं आवळले.

शनिवारी साहेब मचाणावर चढला तो दोन्ही हातांनी दांडी धरून. वाडीवरून बारा कॅन भरून निघाले. धोंडे आले, चिखल आला, वळण आलं, पण गाडी सुतासारखी सरळ उतरली. डेअरीसमोर गाव जमलं होतं. भाचा आपली पिकअप धुऊन पुसून उभाच होता, पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधून. साहेबानं कॅन तपासले. थेंब सांडला नव्हता. काम आत्याकडेच राहील, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं.

भाचा वाकून गाडीखाली बघत होता. पाटा तर त्यानं फिरवला तसाच होता. त्यानं हळूच विचारलं, "आत्या, वाटेत तिरपी ओढत नव्हती?"

आत्यानं गर्दीतल्या लोहाराकडे पाहिलं. आपली चूक बोलून दाखवली तर त्याला जन्मभर ऐकवायला खाद्य मिळणार होतं. मग तिनं भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला तो खणखणीत आवाज लावला. "साहेब, शाबासकी द्यायची तर याला द्या. माझा डावा पाटा उलटा बसला होता. याच्या लक्षात आलं, आणि मला दुखवायला नको म्हणून मी झोपल्यावर भर उन्हात यानं तो फिरवून दिला. असा भाचा मिळायला पुण्य लागतं."

साहेबानं भाच्याचा हात हातात घेऊन जोरजोरानं हलवला. वाडीतून कॅनबरोबर आलेल्या दोन बायकांनी त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. भाच्याचं तोंड असं झालं की हसावं की पळावं हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "आपलीच आत्या आहे, त्यात काय."

लोहार मात्र गर्दी सारत पुढे आला. कालपासून पहिल्यांदाच तो तिच्याशी सरळ बोलला. "म्हणजे तुझा पाटा उलटा होता. पुन्हा एकदा सांग."

आत्या भाच्याच्या तोंडाकडे बघत होती. "उलटा होता," ती म्हणाली, "आणि तुझा बरोबर होता." भाचा आणखी आक्रसला, तसं तिनं न विचारताच तिसऱ्यांदाही सांगितलं.