गोपाळकृष्णांचं गाव

अपेक्षा वर्ध्याहून पुण्यात आली आणि ऑनलाइन गेम विकणाऱ्या एका कंपनीच्या मदतकक्षात लागली. दोन वर्षांत तिने नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या, पण कसबा पेठेतल्या हेमाताईंचा फोन काही तिच्या मनातून जाईना.

त्या निवृत्त शिक्षिका. नवरा, गोपाळकृष्ण, महिन्यापूर्वी गेला. त्याआधी सहा वर्षं तो एका गेममध्ये गाव वसवत होता. पूल त्याने बांधायचे, रस्त्यांना नावं हेमाताईंनी द्यायची. आता त्याचं खातं त्यांना स्वतःच्या नावावर करून हवं होतं.

"तसं होत नाही, मॅडम. खातेदार वारले की खातं बंद होतं," अपेक्षा म्हणाली.

"अहो, गेम त्यांनी विकत घेतला होता."

"विकत नाही. फक्त वापरायची परवानगी घेतली होती."

"मग बटणावर 'विकत घ्या' कशाला लिहिता? 'थोडे दिवस बघा' असं लिहा."

फोन रेकॉर्ड होत होता. नियमाप्रमाणे तिलाच ते खातं बंद करावं लागलं, आणि त्याबरोबर गावही गेलं.

रविवारी ती जुन्या बाजारात हिंडली. बऱ्याच शोधाशोधीनंतर एका ढिगात त्याच गेमची, इंटरनेटशिवाय चालणारी जुनी सीडी सापडली. नोंदीतून पत्ता काढून ग्राहकाच्या घरी गेल्याचं कळलं असतं तर नोकरीच गेली असती, तरी ती गेली.

दारात तिने नाव सांगितलं. हेमाताईंनी तिला नीट न्याहाळलं.

"फोनवरच्या तुम्हीच का? या, बसा."

"गाव परत नाही आणता येणार," अपेक्षा खाली बघत म्हणाली. "पण ही सीडी तुमची. ही कुणी बंद करू शकत नाही."

हेमाताईंच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती. शेवटी शेजारच्या श्यामसुंदरांनी आपला जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढून दिला. पडद्यावर नुसतं हिरवं माळरान आणि एक नदी दिसली. ना रस्ता, ना पूल.

"काकांनी सगळ्यात आधी काय बांधलं होतं?" अपेक्षाने हळूच विचारलं.

"विहीर. तीही चुकीच्या जागी." त्यांनी माऊस हातात घेतला. "मी नदीजवळ बांधते."