साडीची सावली

मी एक जुनी सोलर प्लेट आहे, मित्रांनो. शेलूबाजारात पारसच्या किराणा दुकानाच्या छतावर आठ जणींच्या रांगेत मी सगळ्यात शेवटची होते. आता त्या रांगेत मी नाही. ते कसं झालं, एवढंच सांगते. छतावर माझं ऐकायला दुसरं आहे तरी कोण?

काचेखाली निळे चौकोन जोडून कारखान्यात मला घडवलं. ट्रकमधून हादरे खात आले, सोलरवाल्या लखीरामनं वर चढवलं. नव्या नवलाईत पारस येईल त्याला वर आणून आम्हाला दाखवायचा. मीही तेव्हा जरा तोऱ्यातच होते. पुढे नवलाई ओसरली आणि जिन्याचं दार बंद राहू लागलं.

मग वर यायची ती एकटी कंचनबाई, पारसची आई. मंदिरातून आल्यावर ती पूजेची पांढरी साडी धुऊन छतावर वाळत घालायची. त्या साडीला कुणाचा हात लागता कामा नये, म्हणून छत. जाताना फडक्यानं माझी काच पुसायची आणि म्हणायची, "तू अन् मी, दोघीच इथं." तेवढ्या बोलण्यावर माझा दिवस जायचा.

एकदा जुनी दोरी तुटली आणि नवी नेमकी माझ्यासमोर बांधली गेली. साडी पांढरी असली तरी सावली माझ्यावर पडायचीच. आम्ही आठ जणी एकाच तारेत ओवलेल्या. एकीवर सावली आली की तिची वीज आटते आणि तिच्यापायी सगळ्या रांगेची अडते.

वीज कमी झाली तसं पारसनं लखीरामला बोलावलं. "त्या साडीले हात नका लावू, पूजेची आहे," त्यानं बजावलं. एवढ्या पातळ सावलीनं काय होतं, असं लखीरामलाही वाटलं. साडीखाली वाकून त्यानं मला तपासलं आणि म्हणाला, "हीच प्लेट खराब आहे, भाऊ."

माझ्या जागी नवी आली. मी कोठीत, साबणाच्या खोक्यांमागे, भिंतीकडे तोंड करून. भंगारवाला यायचा होता. मी उजेडासाठी घडलेली, मला अंधार सोसवेना. त्याहून जास्त ते फडकं आठवायचं. मी खराब नाही, हे सांगणार कुणाला?

मध्ये कंचनबाई शिरपूरला दर्शनाला जाऊन मुक्कामी राहिली. परतल्यावर कोठीच्या दारात पारस तिला सांगत होता, "आई, नवी प्लेट बी तशीच निंगाली. तू नव्हती तवा वीज चांगली होती, आज पुन्हा कमी. काहून होऊन राह्यलं, समजत नाही."

कंचनबाई तडक वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात ओली साडी होती.

"माही साडीच आडवी येत होती रे. त्या जुन्या प्लेटले कायले दोष देल्ला आपण? भंगारवाल्याले नाही म्हन."

रांगेतली जागा तर गेली होती. पारसनं मला छताच्या दुसऱ्या कोपऱ्यात एकटीला बसवलं आणि माझी तार आईच्या खोलीतल्या लहान पंख्याला जोडली. ऊन उतरलं की पंखा मंदावतो. सूर्य मावळायच्या आत जेवणारी कंचनबाई त्या खुणेवर ताट वाढून घेते. साडी मात्र आता मागच्या अंगणात वाळते, त्यामुळे तिचं वर येणं सुटलं. ते दिवस मला फार जड गेले.

परवा वाऱ्यानं एक पोतं उडून माझ्यावर पडलं. खाली पंखा थांबला. थोड्या वेळानं जिन्याचं दार वाजलं. गुडघ्यावर हात टेकत कंचनबाई वर आली, पोतं बाजूला केलं, काच पुसली आणि माझ्याशेजारी बसली.

"तू बंद पडली म्हून आली मी," ती म्हणाली. "नाहीतर येनं होत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मंद पडलं तर त्याला लगेच खराब ठरवू नका. आधी जवळ जाऊन बघा, त्याच्यावर सावली कशाची पडली आहे. आणि गेलात, की थोडं बसा.