लोटलेलं दार

रेमंड येणार म्हटल्यावर पास्कलने घराआधी रेकॉर्ड प्लेअर पुसायला घेतला.

प्रीतलचं लग्न आठवड्यावर आलेलं. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, त्याची बायको आग्नेस पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात घालत होती, आणि नवरीचा बाप मऊ फडक्याने तबकड्यांवरची धूळ टिपत बसला होता.

"लगीन कोनाचं हाय? पोरीचं का या पेटीचं?" आग्नेसने जाता जाता विचारलं.

पास्कल ओशाळं हसला, पण फडकं काही खाली ठेवलं नाही.

ही पेटी आणि तबकड्या थोरल्या भावाने, रेमंडने, जहाजावरच्या पहिल्या नोकरीतून परतताना आणल्या तेव्हा पास्कल शाळकरी पोर होता. तोवर त्याचं गाणं म्हणजे आईचं गाणं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना ती लग्नातली गाणी म्हणायची, आणि हा रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायचा. त्याच्या डब्याशिवाय आळीतल्या लग्नाला रंग चढत नसे. रेमंडने तबकडी लावली, तेव्हाही त्याने सवयीने डबा पुढे ओढला. रेमंडने त्याचा हात धरला.

"हे बडवनं सोड आता. गानं याला म्हनतात. पन ते ऐकायला डोकं लागतं. तुला हाय का, बघू."

एवढं बोलून तो पुढच्या जहाजावर चढला, आणि पास्कलने ते डोकं मिळवायचंच असा हट्ट धरला. नुसता पियानो, ना शब्द, ना ठेका. कितीतरी दिवस त्याला त्यात कंटाळ्याशिवाय काही सापडलं नाही. मग एकदा तापातून उठल्यावर पडल्या पडल्या ऐकताना त्याला वाटलं, डावा हात काहीतरी विचारतोय आणि उजवा उत्तर द्यायचं टाळतोय. त्या दुपारी तो उशीत तोंड खुपसून रडला. डब्याला त्यानंतर त्याने हात लावला नाही.

वालीवच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्याची सारी नोकरी सरली. लग्नांना जायचा, जेवायचा, गाणी सुरू झाली की सटकायचा. आळीत त्याला 'साहेब' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत हे त्याला कळायचं. तबकडीवरचं परकं नाव नीट उच्चारता येत नाही म्हणून त्याने ते कधी कुणापुढे घेतलं नाही. मनातून त्याला धड खात्रीही नव्हती, आपल्याला हे खरंच कळतं की कळल्यासारखं वाटतं? ते सांगू शकणारा माणूस एकच होता, रेमंड, आणि तो जहाजं सोडून कॅनडात राहिला होता.

लग्न होऊन आग्नेस पाचूबंदरहून आली, ती गाणारीण म्हणून नाव घेऊनच. पहिल्याच आठवड्यात ती मासे तळताना गात होती आणि बाहेर तबकडी चालू होती. पास्कलने दात दुखावा तसा चेहरा करून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आग्नेसने हळूच दार लोटून घेतलं. तेव्हापासून तबकडी लागली की दार लोटलं जाई. किती समजूतदार बायको, असं पास्कलला वाटे.

रेमंड आला तो हाफ पँटमध्ये, हसत, सगळ्यांना मिठ्या मारत. जेवणं झाली. पास्कलने घसा खाकरला.

"दादा, थोडा बसतोस? एक ऐकवायचं होतं."

रेमंडची नजर पेटीवर गेली. "अरे देवा! तू अजून ठेवलंस हे?"

"रोज ऐकतो. दुसऱ्या बाजूला मधेच डावा हात असा..."

"कमाल हाय तुजी! अरे, एक साहेब जहाज सोडून चाललेला, त्याने टाकून दिलेलं हे. मला काय कळतं त्यातलं? बापाला दाखवायचं होतं, पोरगा मोठ्या लोकांत वावरतो म्हनून."

"तू म्हणालेलास, हे ऐकायला डोकं लागतं."

"मी?" रेमंड मोठ्याने हसला. "असेन बोल्लो. तेव्हा मी कायपन बोलायचो. ते सोड. आग्नेस, ये बाहेर! तिकडे आपल्या गान्यांसाठी जीव तुटतो माजा. म्हन एक."

"मी सगळं विसरले, दादा," पदराला हात पुसत आग्नेस म्हणाली.

पण तिने सुरू केलं, आणि ती काहीच विसरली नव्हती. नवऱ्याकडच्यांची टिंगल करणारं लांबलचक गाणं, एकही कडवं न गाळता. प्रीतल कानातले इयरफोन काढून दारात उभी राहिली. "आई, तुला हे येतं?" तिने विचारलं. रेमंडने मोबाइल पुढे धरला, आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा पास्कलकडे सरकवला.

"घे! लहानपनी काय वाजवायचा हा!"

पास्कलने डबा मांडीत घेतला. हात टाकला तो उशिरा पडला. सावरायला गेला तर पुढे पळाला. आग्नेसने गाता गाताच मान हलवून त्याला जागा दाखवली, थांबूनही पाहिलं, पण त्याला ती जागा सापडेना.

"राहू दे," रेमंड म्हणाला. "हात गेला रे तुजा."

संध्याकाळी रेमंड किनाऱ्यावर फिरायला गेला, प्रीतल पार्लरला. पास्कलने तबकडी लावली. आज ती भिकार वाटेल अशी त्याला जवळजवळ आशा होती. टाकून तरी देता आली असती. पण तसं झालं नाही. डाव्या हाताने विचारलं, उजव्याने टाळलं, आणि पास्कल नेहमीसारखा डोळे मिटून पेटीशी वाकला.

आग्नेस उठली आणि स्वयंपाकघराचं दार लोटू लागली.

"राहू दे उघडं," तो म्हणाला.

"सवय झाली आता."

दार लागलं. थोड्या वेळाने पियानो अगदी हळू झाला तेव्हा पास्कलला दारापलीकडून काहीतरी ऐकू आलं. आग्नेस गुणगुणत होती. दुपारचंच गाणं, तल्लीन होऊन, पियानोशी काही देणंघेणं नसल्यासारखं. तो ऐकत राहिला. तबकडीच्या आवाजाआड ती रोजच अशी गात आली होती, हे त्याला ऐकता ऐकताच कळलं.

नीट ऐकावं म्हणून त्याने सुई उचलली.

आत एकदम शांत झालं. एक भांडं वाजलं, नळ सुरू झाला.

पास्कलने सुई उचललेलीच धरून ठेवली. आत गाणं काही पुन्हा सुरू होईना. मग त्याने सुई खाली टेकवली आणि आवाज थोडा वाढवला.